प्रोपब्लिका : सवडीने वाचावी अशी शोधपत्रकारिता

जाहिरातदारांच्या मर्जीबाहेर राहून केलेली पत्रकारिता प्रत्यक्षात काय साधते, हे पाहायचे असल्यास ‘प्रोपब्लिका’ या अमेरिकी ना-नफा वृत्तसंस्थेचे संकेतस्थळ जरूर वाचावे. २००७ साली स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः देणग्यांवर चालते आणि वाचकाकडून वर्गणी घेत नाही.

तिची कार्यपद्धती अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाविषयीच्या २०२३ च्या वृत्तमालिकेत उत्तम दिसते. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी हार्लन क्रो या धनाढ्य उद्योजकाच्या खर्चाने केलेल्या, पण न्यायाधीशांनी भरायच्या आर्थिक विवरणपत्रात न दाखवलेल्या आलिशान सहली उजेडात आणण्यासाठी वार्ताहरांनी विमानांच्या उड्डाणनोंदी धुंडाळल्या आणि खासगी नौकेवरील कर्मचाऱ्यांनाही बोलते केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने स्वतःसाठी प्रथमच लेखी आचारसंहिता स्वीकारली. ती मोडल्यास दाद कुणाकडे मागायची, हे मात्र तीत नाही. मालिकेला २०२४ चे लोकसेवेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मला स्वतःला त्याहूनही मोलाचा वाटतो तो ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ हा विभाग. एखाद्या अमेरिकी धर्मादाय संस्थेचे नाव टाकले की तिची करविवरणपत्रे उघडतात आणि वरिष्ठ पदाधिकाऱ्यांचे वेतनही त्यांत सापडते. देणगी देण्यापूर्वी ते अवश्य पाहावे.

लेख मात्र फार लांबतात, आणि अमेरिकी कायद्यांची तोंडओळख नसलेल्या वाचकाची काही ठिकाणी दमछाक होते. देणगीची आवाहनेही वरचेवर समोर येतात. अर्थात, ती बाजूला सारता येतात.