टाकी आमची, कागद त्यांचा

अमेरिकेत शहराबाहेर, जिथे गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही अशा भागात घर घेत असाल, तर सह्या करण्याआधी हे वाचा. आमच्याच टाकीवर मालकी सांगणाऱ्या गॅस कंपनीचं नाव लिहीत नाही, राज्याचंही नाही. वकिलाने तशी ताकीद दिलीय. ज्यांच्या अंगणात प्रोपेनची, म्हणजे घर तापवायच्या आणि स्वयंपाकाच्या गॅसची, टाकी आहे त्यांना नाव नसलं तरी ओळख पटेल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही ईशान्येकडच्या एका राज्यात घर घेतलं. मागच्या अंगणात जमिनीखाली ५०० गॅलनची टाकी. विक्रेत्याने घराबद्दल भरून दिलेल्या फॉर्मवर इंधनाच्या टाकीपुढे ‘मालकीची’ या चौकटीत खूण होती, ‘भाड्याची’ चौकट रिकामी. आमची एजंटबाईही म्हणाली, टाकी घराबरोबर आली. विषय संपला, असं आम्हाला वाटलं.

आठवड्याभरात कंपनीचा माणूस दारात. आधीच्या मालकाचं खातं आमच्याकडेच होतं, ते फक्त तुमच्या नावावर करून घेऊ, म्हणाला. टाकीचा काटा २० टक्क्यांवर आला होता. पुण्याहून सासूबाई आलेल्या, रात्री थंडी वाढायला लागलेली, आणि हा गोड बोलून सांगतोय की टाकी पूर्ण रिकामी झाली तर नियमाप्रमाणे गळती-चाचणी करावी लागते, तिचे वेगळे पैसे. हे त्याचं खोटं नव्हतं. अशा लोकांची अडचण हीच, की दहातल्या आठ गोष्टी खऱ्या सांगतात.

भाव सांगितला गॅलनला १.९९ डॉलर. मी टॅबलेटवर सही केली.

त्या दिवसाचं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं ते त्याने केलेलं शेवटचं काम. टाकीचं झाकण, म्हणजे जमिनीवर जो हिरवा डोम दिसतो तो, त्याने उघडला. आत वाळलेली पानं, कोळ्याची जाळी, काटा आणि धातूची छोटी पट्टी. त्याने फडक्याने झाकणाची आतली बाजू पुसली, खिशातून कंपनीचा कोरा करकरीत स्टिकर काढला, अंगठ्याने कडा दाबून दाबून चिकटवला आणि फोटो काढला. मी शेजारी छत्री धरून उभी! पाऊस पडत होता म्हणून त्याच्या डोक्यावर छत्री मीच धरली होती. आमच्या स्कूटरवर परक्याने येऊन स्वतःचं नाव रंगवावं आणि आपण त्याला ब्रश धुवायला पाणी द्यावं, त्यातला प्रकार. टाकी आमची होती तर स्टिकर कशाला? हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मला वाटलं, तातडीच्या फोन नंबरचा असेल. नंबर होताच त्याच्यावर, बारीक अक्षरात. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ‘या कंपनीची मालमत्ता’.

करारातही तेच. चौथ्या पानावर एक वाक्य: ग्राहक मान्य करतो की टाकी कंपनीच्या मालकीची असून ग्राहकाला ती भाड्याने दिली आहे. मुदत पाच वर्षं, वार्षिक भाडं १४९ डॉलर, पहिलं वर्ष माफ. टाकीच्या अनुक्रमांकाची जागा कोरी. कोरी! ज्या वस्तूवर मालकी सांगताय तिचा नंबरही तुम्हाला माहीत नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, तू अकाउंट्समध्ये काम करतेस, वाचून सही करायची. नवराही हेच म्हणतो, आणि तो त्या वेळी ऑफिसात होता हे सोयीस्कर विसरतो. टॅबलेटवर पानं सरकतात आणि फक्त पिवळ्या सहीच्या चौकटी समोर उड्या मारत येतात. शिवाय आपल्या डोक्यात गॅस म्हणजे काय बसलेलं असतं? नाशिकला आईच्या नावावर कनेक्शन आहे. सिलिंडर कंपनीचाच, आपण डिपॉझिट भरतो, कनेक्शन बंद केलं की ते परत मिळतं. तिथे सिलिंडर कुणाच्या मालकीचा याने काही बिघडत नाही, कारण शहरात कुठल्याही एजन्सीकडे गेलात तरी १४.२ किलोच्या सिलिंडरचा भाव एकच. इथे तसं अजिबात नाही. घरगुती प्रोपेनच्या भावावर सरकारचं नियंत्रण नाही, आणि भाड्याच्या टाकीत दुसऱ्या कंपनीने गॅस भरायचा नाही असा अनेक राज्यांत कायदाच आहे. म्हणजे ज्याची टाकी त्याचा भाव. आकारही बघा: ५०० गॅलनच्या टाकीत ८० टक्केच भरतात, म्हणजे ४०० गॅलन, आपले साधारण ५३ सिलिंडर एका वेळी. यात गॅलनमागे एक डॉलरचा फरक म्हणजे किती, ते मी सांगायला नको.

पहिली भरणी ३०० गॅलन, १.९९ ने ५९७ डॉलर. खूश झालो.

डिसेंबरात २८० गॅलन, भाव ४.३९. वर धोकादायक मालवाहतुकीचे १४.९९ आणि डिलिव्हरीचे १२.९९. एकूण १,२५७.१८. जानेवारीअखेर २९० गॅलन, भाव ४.८९, त्याच दोन फिया, एकूण १,४४६.०८. दोन्ही वेळा ट्रक न विचारता आला, कारण करारात आपोआप भरणी होती. त्याच काळात पलीकडच्या घरी, जिथे टाकी त्यांच्या मालकीची आहे, २.६९ ने भरत होते. ५७० गॅलनवर आम्ही १,११४ डॉलर जास्त मोजले.

कंपनीला फोन केला तर तिथली बाई म्हणते, १.९९ हा नव्या ग्राहकाचा पहिल्या भरणीचा भाव होता, आता बाजार चढलाय. कुठला बाजार? टेक्सासमधलं माँट बेल्व्यू हे प्रोपेनच्या घाऊक व्यापाराचं मोठं केंद्र, तिथला भाव त्या हिवाळ्यात एक डॉलरच्याही आत होता, देशात साठे भरपूर होते. जानेवारी २०१४ मध्ये मिडवेस्टमध्ये भाव चार डॉलरच्या वर गेले होते ते खऱ्या टंचाईमुळे. हे सगळं अमेरिकी ऊर्जा माहिती प्रशासनाच्या आकड्यांत आहे. ऑक्टोबर ते मार्च ते दर आठवड्याला घरगुती प्रोपेनचा सरासरी भाव देतात. बिल आलं की आधी ते उघडा, मग फोन करा. मी उलटं केलं, म्हणून बाजाराची गोष्ट ऐकून घ्यावी लागली.

कंपनी बदलायची ठरवली. नव्या कंपनीचा ड्रायव्हर आला, झाकण उघडलं, स्टिकर बघितला आणि ट्रकमध्ये बसून निघून गेला. वादातल्या टाकीला हात लावत नाही म्हणे. त्याचं बरोबर होतं.

जुन्या कंपनीने सांगितलेला सुटकेचा हिशेब असा: मुदतीआधी करार मोडल्याचे ५९५ डॉलर, टाकी खणून काढायचे अंदाजे २,४००, आणि आत उरलेल्या गॅसचे पैसे परत नाहीत. नाहीतर टाकी विकत घ्या, ३,४०० डॉलर. मी डोममधली धातूची पट्टी घासून वाचली: बनावटीचं साल २००६. त्याच मापाची नवी कोरी टाकी मला दुसरीकडे ३,१५० ला सांगितली होती, खोदाई वेगळी. जुनी नव्यापेक्षा महाग, कारण लॉन खणायला कुणी तयार होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक.

एजंटबाईकडून जुन्या मालकाचा नंबर मिळाला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, फ्लोरिडाला गेलेले. टाकी भाड्याची आहे ऐकून ते माझ्यापेक्षा जास्त चिडले. फायली उपसून २००६ चं बिल शोधलं, फोटो पाठवला: टाकी, अनुक्रमांक, १,८७५ डॉलर, पूर्ण चुकती. अनुक्रमांक पट्टीवरच्या आकड्याशी अंकन् अंक जुळतो. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, बांधकाम खात्यात टाकी बसवतानाचा परवाना निघाला, त्यातही मालक म्हणून त्यांचंच नाव. (ही नक्कल कुणालाही मागता येते. घर घ्यायच्या आधी मागा.)

मला वाटलं, जिंकलो. कंपनीचं उत्तर: तुमची सही नंतरची आहे.

मग सरकारी दारं. राज्याच्या ग्राहक खात्याने लांबलचक फॉर्म भरून घेतला, सगळी कागदपत्रं जोडली, आणि काय केलं, तर माझं पत्र कंपनीला पाठवलं आणि कंपनीचं पत्र मला. टपालखात्याचं काम! शेवटी ‘दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तफावत असून हा खासगी कराराचा वाद आहे’ असं लिहून फाइल बंद. तफावत आहे म्हणूनच तर तुमच्याकडे आले ना? एकमत असतं तर चहाला बोलावलं असतं त्यांना. गॅस-विजेच्या आयोगाने सांगितलं, आम्ही पाइपमधला गॅस बघतो, टाकीतला नाही. एकाच चुलीत जळणारा गॅस, पण पाइपमधून आला तर नागरिकाला वाली आहे आणि ट्रकमधून आला तर नाही. वजनमापवाले तेवढे वेळेवर आले, नम्र होते, ट्रकचं मीटर तपासून बरोबर असल्याचा दाखला दिला. मीटर चुकीचं आहे असं मी म्हटलंच नव्हतं. पोलिस म्हणाले दिवाणी बाब. माझ्या जमिनीत पुरलेल्या, माझ्या मालकीच्या वस्तूवर कुणी स्वतःचं नाव चिकटवतो ती दिवाणी बाब, आणि मी तो स्टिकर खरवडला तर? वकील म्हणाला, तसलं काही करू नका, तेच तुमच्यावर उलटेल. नवरा तोपर्यंत गॅरेजमधून खरवडायची पट्टी घेऊन आला होता.

वकिलाचे ३५० डॉलर गेले. त्याच्या मते खटला आमच्या बाजूने होता, पण करारात लवादाची अट, वेळ जाणार, आणि वाद चालू असेपर्यंत टाकीत दुसरं कुणी गॅस भरणार नाही. बाहेर शून्याखाली तापमान असताना ग्राहकाचं नाक कुठे दाबायचं हे त्यांना बरोबर माहीत असतं. म्हणून भांडायचं असेल तर मे महिन्यात भांडा. कंपनी बदलायची तर उन्हाळ्यात आणि टाकीतला गॅस तळाला आल्यावर. भरलेली टाकी सोडली तर आतले पैसे बुडतात.

मे २०२४ मध्ये तडजोड केली. ५९५ माफ, आणि आमचीच टाकी आम्ही ९०० डॉलरला विकत घेतली. जादा भाव, वकील आणि हे ९०० धरून २,३६४ डॉलर. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यात आमच्याकडे जन्मभराचा गॅस आला असता. हिशेब पटला नाही, पण मी गप्प बसले.

ज्यांचं घर अजून व्हायचंय त्यांनी ‘मालकीची’ या खुणेवर विसंबू नका. विक्रेत्याकडून अनुक्रमांकासह विक्रीपत्र घ्या आणि झाकण स्वतः उघडून फोटो काढा, तारखेसकट. खातं नावावर करायचं म्हणून कुणी नवा करार पुढे केला, तर तो ईमेलने मागवा आणि रात्री वाचा. भाव किती भरण्यांसाठी आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे लेखी. फियांची पूर्ण यादी लेखी. आपोआप भरणीऐवजी फोन केल्यावर भरणी घ्या, मात्र काटा ३० वर आला की फोन करायचा, १० वर नाही. भाड्याची टाकी वाईटच असं मी म्हणत नाही. गॅस फक्त शेगडीला लागत असेल, हीटिंग नसेल, तर दोन-तीन हजारांची टाकी विकत घेण्यात अर्थ नाही, शिवाय दुरुस्ती त्यांच्या गळ्यात राहते. तेव्हाही वर्षाला किमान किती गॅलन घ्यावे लागतात ते बघा, कमी घेतला तर दंड असतो.

नव्या कंपनीने गळती-चाचणीचे १२५ घेतले आणि जूनमध्ये २.१९ ने टाकी भरली. विक्रीपत्राची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी डोममध्येच ठेवलीय, ड्रायव्हरला दिसेल अशी.

ऑक्टोबरात जुन्या कंपनीचं बिल आलं: टाकीचं वार्षिक भाडं, १४९ डॉलर. विक्रीपत्र जोडून रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवलं. नोव्हेंबरात पुन्हा आलं, १५ डॉलर विलंब आकारासह. भरणार नाही.