जिन्याखालचा टेलर: तीन पँट, पाच शर्ट, एक बंद गळा

दुकानाला पाटी आहे, पण तिच्यावरचा रंग उन्हाने कधीच उडाला. आता ‘टेलर’मधला ‘ट’ आणि कात्रीचं एक पातं तेवढं उरलंय. इंदूरच्या मरोठिया बाजारातून सराफ्याकडे जाताना एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना लागतो. त्याच्याखाली सहा बाय आठची जागा, पायाने चालवायची दोन मशीनं, एक कारागीर आणि मास्टरजी. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच मना केलंय. “भिया, लिखना मत. पहले का ही काम नहीं उतर रहा.” इंदूरचा प्रत्येक शिंपी हे म्हणतो. इथे ते खरं आहे, हे माझा बंद गळ्याचा कोट अकरा आठवडे वाट पाहत पडला होता त्यावरून सांगतो.

मी विम्याचा सर्व्हेयर. जळालेली गोदामं, पाण्यात गेलेली मशीनं, कोसळलेल्या शेड बघायच्या आणि नुकसान किती ते लिहायचं. सकाळी पीथमपूरला शिडीवर, दुपारी पलासियाला एसीत मीटिंग, संध्याकाळी राजेंद्रनगरला कुणाची तरी मुंज. मधे घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नसतो. चार वर्षांपूर्वी पीथमपूरला शिडीवरून उतरताना पँट मागून अशी फाटली की खाली उभ्या असलेल्या फॅक्टरी मॅनेजरनी सभ्यपणे आकाशाकडे बघायला सुरुवात केली. मॉलमधून घेतलेली, 2900 रुपयांची, आठ महिने वापरलेली पँट. दिवसभर फाइल पाठीमागे धरून फिरलो आणि संध्याकाळी एका ओळखीच्या सराफाने या जिन्याखाली पाठवलं.

मास्टरजींनी पँट उलटी केली, शिवण बोटाने उघडून बघितली आणि परत माझ्या हातात दिली. “इसमें माया ही नहीं है.”

मी चमकलो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात, पण हा शब्द मी आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मास्टरजी मूळचे उत्तर प्रदेशातले. मग कळलं की चाळीस वर्षं निम्मी गिऱ्हाइकं मराठी, त्यातल्या बायका मुलांचे कपडे शिवायला टाकताना “माया ठेवा हो, वाढतं अंग आहे” असं सांगून जायच्या. तो शब्द त्यांनी ठेवून घेतला. माझ्या पँटीत दोन्ही बाजूंना मिळून पाव इंच कापड होतं, तेही ओव्हरलॉकने कापलेलं. पुन्हा शिवली असती तर कंबर लहान झाली असती. ते स्वतः मागच्या मधल्या शिवणीत कमरेपाशी दोन्हीकडे दीड-दीड इंच सोडतात, बाजूंना पाऊण, आणि मोहरीला, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाशी, अडीच इंच आत दुमडतात. कंबर वाढली, उसवा. पोरगं उंच झालं, मोहरी सोडा.

तर हे परीक्षण त्या दुकानाचं आणि चार वर्षांत तिथून जमलेल्या माझ्या कपाटाचं. त्याआधी कपाटात मोजून एकतीस शर्ट होते. घालत होतो सहा.

पुढच्या भेटीत मी उत्साहाने मेंदी रंगाचं एक कापड नेलं होतं. क्लॉथ मार्केटमधून कटपीस घेतलेला, भाव चांगला मिळाला होता. त्यांनी ते फळीवर पसरलं, हात फिरवला आणि विचारलं, “ये किसके साथ रहेगा? अकेला?” मी म्हटलं, क्रीम पँट आहे एक. “और वो क्रीम वाली धुलने गई तो?” कापड त्यांनी ठेवूनच घेतलं नाही. धंदा नाकारणारा दुकानदार मी आयुष्यात दोन-तीनच पाहिलेत. त्यांचा हिशेब सरळ आहे: वर हलका रंग, खाली गडद, आणि कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर गेला पाहिजे, नाहीतर तो शिवायचा नाही. त्याप्रमाणे झालं ते असं: राखाडी, गडद निळी आणि खाकी ड्रिलची अशा तीन पँट. दोन पांढरे, एक फिका निळा, एक बारीक निळ्या रेघांचा आणि एक फिका राखाडी असे पाच शर्ट. वर एक करडी बंडी, आणि लग्नाकार्यासाठी काळपट निळा बंद गळा. तीन गुणिले पाच पंधरा, बंडी चढवली की आणखी पंधरा. हा हिशेब मी घरी मोठ्या अभिमानाने मांडला. बायको म्हणाली, “तीस जोड झाले हो, पण दिसता रोज सारखेच.” याला उत्तर नाही.

कापड आपलं आपण आणायचं. ते दुकानात ठेवत नाहीत आणि कुठल्या दुकानातून आणा हेही सांगत नाहीत. इथे मला वडिलांचं शिक्षण उपयोगी पडलं. ते इंदूरच्याच एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरण्यांचे भोंगे गावाला घड्याळासारखे होते तेव्हाची गोष्ट. कापड घेताना ते दुकानदाराचं बोलणं ऐकायचेच नाहीत. काठाचा एक धागा ओढून काढायचे आणि पिळाच्या उलट फिरवायचे. त्याचे दोन धागे सुटे झाले तर सूत दुपदरी, कापड टिकणार. नुसते तंतू पसरले तर एकपदरी. मग मूठभर कापड आवळून दहा आकडे मोजायचे आणि उघडून सुरकुती बघायची. मग उजेडाकडे धरायचे. आई तोवर शेजारच्या दुकानात जाऊन बसायची.

माझी भर एवढीच की मी धागा जाळूनही बघतो. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि थंड झालं की टणक काळा मणी होतो. जळालेल्या कापडगोदामात हेच माझं काम असतं. बिलावर कॉटन लिहिलेलं आणि ढिगाऱ्यात मणीच मणी. एका दुकानात मी काडी पेटवली तेव्हा मालक गल्ला सोडून उठला होता, म्हणून आता धागा घरी आणून जाळतो. टेरीकॉट बहुतेकदा 67 टक्के पॉलिस्टर आणि 33 टक्के सूत असतं. ते चुरगळत नाही, लवकर वाळतं, हे गुण आहेतच. पण आपल्या मे महिन्यात बेचाळीस डिग्रीला ते अंगाला चिकटतं, आणि वेल्डिंगची ठिणगी पडली तर वितळून भोक पडतं. म्हणून शर्ट सगळे सुती. पँट मात्र दोन टेरीवूलच्या, म्हणजे पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेल्या, कारण दिवसभर गाडीत बसूनही तिची घडी मोडत नाही.

मापं सांगून ठेवतो, दुकानात गेल्यावर गोंधळ नको. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 58 इंच असेल तर साधारण अंगाच्या माणसाला फुल बाहीच्या शर्टाला 1.60 मीटर पुरतं, मी 1.75 घेतो. रेघांचं कापड असेल तर जास्तीचं लागतंच, नाहीतर खिशावरच्या रेघा शर्टाच्या रेघांना जुळत नाहीत. मास्टरजी जुळवतात. खिसा शिवल्यावर तो आहे हे शोधावं लागतं, इतक्या जुळवतात.

सुती कापड ते तसंच कापत नाहीत. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवून आणायला सांगतात. मला वाटलं जुन्या माणसांचं खूळ. पहिल्या कापडाला घरी मोजपट्टी लावली: 1.75 मीटर होतं ते 1.69 झालं. हेच शिवल्यावर आटलं असतं तर बाही पाऊण इंच वर गेली असती. आधीच्या एकतीस शर्टांपैकी किती शर्टांच्या बाह्या मनगट सोडून पळाल्या होत्या ते आठवलं, आणि मी उगाच माझे हात लांब समजत होतो.

शिलाई शर्टाची 450, पँटची 650, बंद गळ्याची 4200. राखाडी पँटला 900 रुपये मीटरचं कापड सव्वा मीटर लागलं, म्हणजे 1775 रुपयांत पँट. शर्ट हजाराच्या आसपास पडतो. बंडी, बंद गळा सगळं धरून एकोणीस हजारांच्या जवळपास गेले, तेही दोन वर्षांत विभागून. कुणी म्हणेल सेलमध्ये याहून स्वस्त मिळतं. मिळतं. माझे ते एकतीस शर्ट सेलचेच होते.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

तारीख. पावतीवरची तारीख ही कवीकल्पना समजा. श्रावणात टाकलेला कपडा गणपतीत मिळत नाही. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात तेव्हा तर ते दुकान बंद करून रात्रभर ओट्यावर बसतात आणि पुढचे दोन दिवस झोपतात. मग नवरात्र, मग दिवाळीची गर्दी. मुंजीसाठी बंद गळा टाकत असाल तर मुलगा पाळण्यात असतानाच टाका.

दुसरं, ट्रायल. पडदा आहे, पण तो गुडघ्यापर्यंतच पोचतो आणि समोर कचोरीवाला आहे. बंद गळ्याच्या कच्च्या टाक्यांची ट्रायल मी रस्त्यात उभं राहून दिली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खांदा उतरलाय का यावर मतंही दिली. एका आजोबांचं बरोबर निघालं. डावा मुंढा, म्हणजे बाहीचा जोड, खरंच ओढत होता.

तिसरं, पहिल्या दोन शर्टांच्या कॉलरी. कॉलर ताठ राहावी म्हणून आत इस्त्रीने चिकटणारं बकरम लावलं होतं. तिसऱ्या धुण्यात त्यावर पापडासारखे फुगे आले. मी नेऊन दाखवले तर आधी म्हणाले, तुमची इस्त्री जास्त गरम. मग म्हणाले, कारागिराने केलंय. कारागीर काही बोलला नाही, नुसता मशीन जोरात चालवू लागला. शेवटी दोन्ही कॉलरी फुकट बदलून दिल्या, शिवलेल्या सुती बकरमच्या. तेव्हापासून मी पावतीवर लिहूनच घेतो.

बायकांचे कपडे ते घेत नाहीत. विचारूही नका, विचारलं की उदास होतात.

एक चूक माझीही सांगतो. महेश्वर इथून नव्वदेक किलोमीटर. तिथून येताना अडीच मीटर माहेश्वरी कापड आणलं, उभा धागा रेशमी, आडवा सुती, रंग तपकीर. माहेश्वरी रंगांची जुनी नावं ऐका: दालिंबी, जांभळा, तपकीर. विणकर हिंदी बोलतात, पण नावं अजून होळकरांच्या घरातली वाटतात. मला त्याचा अंगासरशी कुर्ता हवा होता. मास्टरजी म्हणाले, झिरझिरीत आहे, सैल शिवा. मी हट्ट केला. भाचीच्या बारशाला पाळण्यावर वाकलो आणि पाठीवरच्या शिवणीशी धागे सरकून बोटभर जाळी झाली. फाटला नाही, नुसता सरकला, पण दिसायचं ते दिसलं. नेऊन दिला तर एक शब्द बोलले नाहीत. उरलेल्या तुकड्यातून बगलेत चौकोनी कळ्या घातल्या, पाठ उसवून जाळी शिवणीत घेतली, आणि 180 रुपये घेतले. तो न बोललेला शब्द मला जास्त लागला.

त्यांचं खरं काम तिसऱ्या वर्षानंतर दिसतं. पांढऱ्या शर्टाची कॉलर मानेशी घासून विरली. त्यांनी ती उसवली, पलटली, आतली बाजू वर आणून पुन्हा बसवली. 70 रुपये. राखाडी पँटची कंबर दीड इंच सोडली, त्याचे 60. सोडलेल्या जागी जुन्या शिवणीची एक रेघ दिसते, जवळून पाहिलं तर. ती पोह्यांवरच्या शेवेमुळे आलीय असं माझं मत, जिलेबीमुळे असं बायकोचं.

आणखी एक अडचण, जी बाहेरच्यांना कळणार नाही. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यावर जायचं तर टाकाऊ शर्ट लागतो. एकतीस होते तेव्हा कुठलाही ओढून घालायचो. आता टाकाऊ असा एकही नाही. यंदा मुलाचा कॉलेजचा टीशर्ट घालून गेलो, पोटावर इतका ताणलेला की ओळखीच्या लोकांनी आधी पोटावरच रंग टाकला.

कुणी जाणार असाल तर: सकाळी अकरानंतर जा, कापड भिजवून न्या, कॉलरीचं बोलून घ्या, गाडी लांब लावा. घाईचं काम असेल तर नकाच जाऊ. सध्या माझी खाकी पँट तिथे आहे, गुडघ्याला आतून कापड लावायला दिलीय. पावतीवर 12 तारीख आहे. मी 25 ला चक्कर मारेन.