सीडी रिप करायला घेतलेला ड्राइव्ह, ८ महिने वापरून (आणि ती १४ सेंटीमीटरची केबल)

आधी चिडचिड लिहून टाकतो मग बाकीचं. ड्राइव्ह बरा आहे, केबल १४ सेंटीमीटरची आहे. पट्टी लावून मोजली, १४. आणि ती ड्राइव्हच्या पोटातूनच आलेली, खालच्या खाचेत दुमडून बसणारी, म्हणजे ही काढून दुसरी लावू म्हटलं तर तशी सोयच नाही. लॅपटॉपवाल्यांना चालत असेल. माझा पीसी जमिनीवर, टेबलाखाली, यूएसबीचं तोंड गुडघ्याच्या जरा खाली, मग ड्राइव्ह एकतर हवेत लोंबकळणार नाहीतर त्याच्याखाली काहीतरी रचा. आठ महिने तो जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर बसलाय. २१ अंक. २० ठेवले की केबल ताणते, २२ ठेवले की गठ्ठा डुलतो. एक्स्टेन्शन लाव ना, असं म्हणणाऱ्यांना सांगतो, लावली होती, ७० रुपयांची, त्यात ड्राइव्हला करंट पुरत नाही, टक टक आवाज करून मध्येच झोपी जातो.

स्पीड वगैरे आकडे सगळीकडे लिहिलेले असतात, परत लिहीत नाही. साधा स्लिम यूएसबी डीव्हीडी रायटर, १,७५० रुपये, इथेच नाशकात दुकानातून घेतला. कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण पुढे भांडण येणारे.

घ्यायचं कारण म्हणजे गाडी बदलली आणि नवीन गाडीत सीडी घालायला तोंडच नाही. घरात सीडी ३६४, त्या सगळ्या रिप करायच्या, म्हणजे त्यातली गाणी फाइल करून कॉम्प्युटरवर उतरवायची. निम्म्या मेनरोडवरून घेतलेल्या, काही पुण्यामुंबईच्या फेऱ्यांमधल्या, काही सासऱ्यांच्या. एकाने करून देतो म्हणून सांगितलं, सीडीमागे ४० रुपये. म्हणजे साडेचौदा हजार! ऐकून चहा न पिताच उठलो.

सॉफ्टवेअरला एक रुपया घातला नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, पहिल्या दिवशी सेटिंगच्या खिडक्या बघून वाटतं हे आपलं काम नाही, पण एकदा बसवलं की विसरून जा. ऑडिओ सीडी म्हणजे पेनड्राइव्हसारखी फाइल कॉपी नाही हे मला आधी माहीत नव्हतं. डेटाच्या सीडीत चूक सुधारायचा एक जादा थर असतो तो ऑडिओत नसतो, त्यामुळे चरा आला की प्लेअर आजूबाजूचं ऐकून मधलं अंदाजाने भरतो आणि गाणं पुढे नेतो, आपल्याला पत्ता लागत नाही. हे सॉफ्टवेअर तसं भरत नाही, तोच तुकडा परत परत वाचत बसतं. खराब सीडीला अख्खी दुपार गेलीय.

मग ॲक्युरेटरिप. तुमची कॉपी जगातल्या बाकीच्यांनी केलेल्या त्याच सीडीच्या कॉपीशी ताडून बघतं, जुळली की निश्चिंत. भारी कल्पना. फक्त त्याआधी तुमचा ड्राइव्ह किती सरकून वाचतो तो ऑफसेट ठरवायचा असतो आणि त्यासाठी त्यांच्या यादीतली एखादी सीडी लागते, म्हणजे जगभर खपलेली. माझ्याकडे अभंग, नाट्यसंगीत, ख्याल, भावगीतं, पाडगावकरांच्या कवितावाचनाची एक. घातली एकेक, ढिम्म. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पोराकडून त्याच्या ताईच्या कॉलेजातली एक इंग्रजी पॉपची सीडी आणली, कव्हरवर गुलाबी केसांची बाई, ती घातल्या घातल्या ड्राइव्हची ओळख पटली. आमचे सगळे बुवा एकीकडे आणि ही बाई एकीकडे.

आणि एवढं करून माझ्या ३६४ पैकी पाऊणशे पण त्या डेटाबेसमध्ये सापडल्या नाहीत. मराठी सीडी कोण कशाला रिप करतंय. त्यामुळे बाकीच्या सगळ्या दोन दोनदा वाचून घेतल्या (टेस्ट अँड कॉपी म्हणून बटण आहे) आणि दोन्ही वेळचा पडताळणीचा आकडा जुळला तरच पास. सीडीमागे वीस पंचवीस मिनिटं. रात्री जेवण झाल्यावर दोन, रविवारी पाच सहा, मध्ये पावसाळ्यात दीड महिना हातच लावला नाही.

इथपर्यंत मजा होती. खरी हमाली टॅगिंगची, म्हणजे प्रत्येक फाइलच्या रकान्यांत गाणं, गायक, अल्बम, साल भरायची.

सीडीवर गाण्याची नावं नसतात, हे किती जणांना माहितीय? सीडी-टेक्स्ट नावाचा प्रकार आहे पण माझ्या मराठी सीड्यांपैकी एकीवर निघाला नाही. कॉम्प्युटर काय करतो, ट्रॅक किती आणि केवढे ते मोजतो आणि त्यावरून नेटवर विचारतो ही कोण. बारा गाण्यांच्या सीडीला ठीक आहे. ख्यालाच्या सीडीत दोन ट्रॅक, एक ४० मिनिटांचा, एक १२ चा, तशा दोन ट्रॅकवाल्या जगात कितीतरी असणार. माझ्या मारवा रागाच्या सीडीला त्याने स्पॅनिश नाव लावून दिलं, वर प्रकार ‘मेडिटेशन’. अशी नावं पुरवणारी फ्रीडीबी नावाची नेटवरची यादी तर २०२० मध्ये बंदच झाली, आता मी म्युझिकब्रेन्झ वापरतो, तिथे आहे ते नीट आहे पण आपलं कमी आहे. मग काय, एमपीथ्रीटॅग हे टॅग भरायचं सॉफ्टवेअर उघडा आणि टाइप करा. तेही कव्हरवरून, आणि कव्हर छापणाऱ्यांनी मरून रंगावर लाल अक्षर, मुंगीएवढं. मोबाइलने फोटो काढून झूम करून वाचलंय एकेक.

आता पंडित. ह्याच्यावर मी इतके दिवस घालवलेत की बायकोने बोलणं सोडलं. झालं असं की कुठे ‘भीमसेन जोशी’, कुठे ‘पं. भीमसेन जोशी’, कुठे ‘पंडित भीमसेन जोशी’, शिवाय नेटवरून आलेलं इंग्रजी, म्हणजे फोनमध्ये एका माणसाचे चार गायक. ते सारखं केलं, सगळीकडे पूर्ण ‘पंडित’ लावलं, रीतीने. मग यादी बघितली तर क ख ग घ सगळं ओसाड आणि प मध्ये आषाढी एकादशी. भीमसेन प मध्ये, कुमार गंधर्व प मध्ये, मन्सूर प मध्ये, अभिषेकी प मध्ये. वसंतराव देशपांडे एकटे ड मध्ये, कारण डॉ. गाडी चालवताना कोण एवढं खाली सरकवणार?

पंडित काढून टाकायला हात धजेना. ही म्हणाली, “अहो, नुसतं जोशी काय म्हणताय, आपल्या वॉचमनसारखं!” त्याला उपाय आहे, आर्टिस्टसॉर्ट म्हणून वेगळा रकाना असतो, दिसायला पंडित भीमसेन जोशी आणि यादीत लागायला ‘जोशी भीमसेन’. दोन आठवडे बसून तो भरला. पीसीवर फूबार नावाचा प्लेअर आहे, त्याला सांगितलं की तो ऐकतो. फोनवरचा प्लेअर त्या रकान्याकडे बघतसुद्धा नाही!! शेवटी एका रविवारी डोळे मिटून सगळे पंडित, उस्ताद, डॉ., विदुषी एका फटक्यात काढले. पन्नास सेकंद लागले. दोन आठवडे आणि पन्नास सेकंद.

दुसरा घोळ वर्षाचा. द. वि. पलुस्कर आपल्या नाशिकचेच, इथे १९२१ मध्ये जन्मले, १९५५ मध्ये गेले, जेमतेम ३४ वर्षांचं आयुष्य. तीन साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या होत्या त्यांच्या, त्या नंतर सीडीवर एकत्र आल्या, आणि कव्हरवर साल कुठलं तर सीडी काढली तेव्हाचं, नव्वदीतलं. नेट तेच उचलतं. म्हणजे सालाप्रमाणे लावलं की पलुस्करबुवा आमच्या लग्नानंतर गायला बसलेले. मूळ साल लिहायला वेगळा रकाना आहे, पण मूळ साल छापलंय कुठे? जिथे मिळालं तिथे टाकलं, बाकीचं कोरं. चुकीच्या सालापेक्षा कोरं बरं.

आणि एक गंमत, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. वारकऱ्यांच्या भजनांचा दोन सीड्यांचा सेट, पहिलीची नावं मी मोबाइलवर लिहून पाठवलेली, दुसरीची पीसीवर. प्लेअर म्हणतो हे दोन वेगळे अल्बम. नाव तेच, अक्षर न अक्षर तेच, मागे स्पेसही नाही. चष्मा पुसून बघितलं. शेवटी वरच्याच पोराने शोधलं, आपला ‘ऱ्या’ कॉम्प्युटरमध्ये दोन पद्धतीने लिहिता येतो, दिसतो सारखाच पण आत कोड निराळा, मशीनच्या लेखी दोन शब्द वेगळे. आता नाव एकदाच लिहितो आणि पुढे नुसतं पेस्ट. ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ सगळ्यांना लागू.

अपडेट: तिसऱ्या महिन्यात मी वहीत लिहून ठेवलं होतं की एमपीथ्री ३२० (एमपीथ्रीतली सगळ्यात वरची क्वालिटी) पुरे, फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी, मोठी फाइल) म्हणजे चोचले. ते मागे घेतो. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक बदलतो पण तंबोरा चालूच असतो ना, गाडीत एमपीथ्री लावलं की नेमकं तिथे तंबोऱ्याला उचकी लागते. पाव सेकंदसुद्धा नसेल. एकदा कानाला कळली की पुढे दहा मिनिटं गाणं सोडून तिचीच वाट बघतो आपण. फ्लॅकमध्ये ट्रॅकला ट्रॅक सलग लागतो. ६० सीड्या परत केल्या, हो, परत दिवाळी अंकांवर बसून. जागा म्हणाल तर सगळं मिळून सव्वाशे जीबीच्या आत, जुन्या मोनो रेकॉर्डिंगची फाइल तर अगदीच लहान होते. दोन हार्डडिस्कवर ठेवलंय, एक मेहुणीकडे सिडकोत.

गाडीच्या स्क्रीनवर देवनागरीचे चौकोन दिसतात. गाडीपुरत्या वेगळ्या पेनड्राइव्हवर रोमनमध्ये नावं टाकली, विषय संपवला.

आता ज्यासाठी हे सगळं वसूल झालं ते. एमपीथ्रीटॅगमध्ये आपल्या मनाने नवा रकाना तयार करता येतो. मी ‘राग’ केला, ‘ताल’ केला. ‘भूप’ का ‘भूपाली’ ह्यावर स्वतःशीच दोन दिवस वाद घातला आणि भूप ठेवलं. आणि एका रात्री सहज फूबारमध्ये राग भूप असं शोधलं तर किशोरीताई, भीमसेन, सासऱ्यांच्या सीड्यांमधले दोघं ज्यांना मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि एक भावगीत, सगळे एका खाली एक. वीस वर्षं ह्या सीड्या एकाच कपाटात होत्या, पण मी कधी एकापाठोपाठ लावल्या नव्हत्या, कोण उठून चार वेळा डबी बदलणार. रात्री दीड वाजेपर्यंत भूप. हीपण येऊन बसली, पंडितांबद्दल काही बोलली नाही.

मग ३४१ व्या सीडीला ड्राइव्हने मान टाकली. ट्रे उघडतो, सीडी फिरते, थांबते, फिरते, थांबते. आधी सीडीवर संशय घेतला, उजेडाकडे धरून बघितली, कारण चकाकणारा थर वरच्या छापील बाजूला अगदी चिकटून असतो, तिकडून ओरखडा गेला की टाचणीएवढी भोकं दिसतात आणि मग त्या सीडीचं काही होत नाही. खालचे चरे परवडले. ही स्वच्छ होती. दुसरी घातली, गुलाबी केसवाली घातली, तेच.

एक वर्षाची वॉरंटी. दुकानात गेलो.

“काका, बिल कोरंय.”

“कोरं नाही, उडालंय. तुमच्याच मशीनचं आहे.”

“तारीख दिसत नाही ना पण.”

तो चकचकीत कागद, मी जपून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला होता, आणि नंतर कळलं प्लॅस्टिकमध्ये तर तो लवकर उडतो. दुकानवाला म्हणे सर्व्हिस सेंटरला जा, सर्व्हिस सेंटरवाला म्हणे ड्राइव्ह चालतोय, तुमच्या सीड्या म्हाताऱ्या झाल्यात, आणि त्याने त्याची एक सिनेमाची डीव्हीडी लावून दाखवली, ती चालली! मी म्हटलं सीडी लाव. त्याच्याकडे सीडी नाही. सीडी आणि डीव्हीडीला आत लेझर वेगळा असतो हे मी त्याला सांगतोय, तो माझ्याकडे आजोबांनी विमान शिकवावं तसं बघतोय. तीन चकरा, तिन्ही वेळा इंदिरानगरच्या बोगद्यात अर्धा अर्धा तास. शेवटी हिने महिन्याच्या हिशोबासाठी बिलाचा फोटो काढून ठेवला होता तो तिच्या फोनमध्ये सापडला, तारखेसकट. दहाव्या दिवशी नवीन ड्राइव्ह मिळाला, एक शब्द न बोलता.

नवीन म्हणजे मॉडेल तेच, आतला माल वेगळा, कारण ऑफसेट बदललाय. परत वर जाऊन ती गुलाबी केसवाली मागून आणली. पोरगा म्हणाला, “काका, ठेवूनच घ्या तुम्ही ही.”

२३ सीड्या राहिल्यात. घेणार असाल तर ड्राइव्ह घ्या, पैसे वसूल आहेत, बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा आणि दुकानात जाताना पट्टी घेऊन जा. ह्या नवीनची केबल मोजली, १६ सेंटीमीटर. आता १९ अंकांवर भागतं.