बेंबी ओलीच राहते: वाट पाहायची की ऑपरेशन?

नाळ पडून महिना झाला, तरी झबलं बेंबीपाशी ओलं होतं. बाळ जोरात रडलं की थेंब येतो. बहुतेकदा बेंबीत साधी लाल मांसल गाठ असते. डॉक्टरांनी सिल्व्हर नायट्रेट (गाठ जाळणारं औषध) लावलं की वाळते. वाळली नाही, तर हळद-पावडर भरत बसू नका, सोनोग्राफी करा. गर्भात मूत्राशय ते बेंबी अशी एक नळी असते, युरेकस. जन्मापर्यंत ती बुजून दोरीसारखी होते. काही बाळांत ती आरपार उघडी राहते, काहींत एकाच टोकाला, तर काहींत मध्येच पाण्याची गाठ राहते.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, त्रास काही नाही, सोनोग्राफीत या नळीचा उरलेला भाग (अवशेष) योगायोगाने दिसला, असं असेल तर मी थांबण्याच्या बाजूने आहे. या वयात बरेच अवशेष आपोआप मिटतात. फक्त सोनोग्राफी पुन्हा करायला विसरू नका. मोठेपणी तिथे कॅन्सर होऊ शकतो हे खरं, पण तो इतका दुर्मिळ आहे की तेवढ्या भीतीपोटी धडधाकट बाळाला भूल देणं मला पटत नाही.

लघवी गळतच राहिली किंवा पू वारंवार झाला, तर मात्र ऑपरेशनच. पण घाई नको. बेंबी लाल, गरम, ताप असेल तर आधी अँटिबायोटिक आणि पू काढणं. सूज पूर्ण उतरल्यावर नळी काढायची. सुजलेल्या जागी चिरलं तर आतड्याला इजा होण्याचा, जखम चिघळण्याचा धोका वाढतो. मुलगा असेल आणि नळी आरपार उघडी असेल, तर एमसीयू तपासणीबद्दल (मूत्राशयात औषध भरून, लघवी होताना काढलेला एक्स-रे) आवर्जून विचारा. मूत्रमार्गात जन्मजात पडदा असला की तुंबलेली लघवी बेंबीवाटे वाट काढते. अशा वेळी आधी पडद्याचा इलाज, मग बेंबीचा.

दुर्बिणीतून की उघडं? तान्ह्या बाळात बेंबी आणि मूत्राशय यांत अंतरच एवढंसं असतं, की बेंबीखालच्या छोट्या छेदातून सगळं निघतं. दुर्बिणीचा फार फायदा नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलात ते अंतर वाढतं, तिथे दुर्बिणीतून मूत्राशयाचा माथा छान दिसतो. मार्ग कुठलाही असो, नळी मूत्राशयाच्या टोकासकट निघायला हवी. तुकडा राहिला तर त्रास परत येऊ शकतो. नंतर काही दिवस लघवीची नळी ठेवतात, टाके विरघळणारे असतात.