नंबरप्लेटचा दिवा आणि फ्रीमॉन्टचं छोटं गॅरेज

गेल्या गुरुवारी रात्री फ्रीमॉन्टमध्ये आरशात लाल-निळे दिवे दिसले आणि पोटात गोळाच आला. काय, तर आमच्या जुन्या कोरोलाचा नंबरप्लेटवरचा दिवा गेलेला. कॅलिफोर्नियात रात्री मागची पाटी ५० फुटांवरून स्पष्ट वाचता यावी लागते. मिळालं 'फिक्स-इट' तिकीट, म्हणजे बिघाड दुरुस्त करून दाखवा अशी पोलिसांची नोटीस.

१९४ नंबरचा बल्ब मीच आणून बसवला, पण ढिम्म! मग घराजवळच्या छोट्या गॅरेजात गेले. मेकॅनिककाकांनी काच काढून होल्डर दाखवला: आत हिरवट गंज. पॉलिश पेपरने घासलं, टोच्याने आतली पाती जराशी वर उचलली आणि माझाच बल्ब लख्ख पेटला. नवा होल्डर गळ्यात मारला नाही, हे मला फार आवडलं. १५ डॉलर, दहा मिनिटं. (तिथली कॉफी मात्र पिऊ नका.)

दुरुस्ती झाल्याची सही मी पोलिसांकडून घेतली, वर कोर्टाचे २५ डॉलर भरले. दिव्यापेक्षा कागदच महाग पडला! गॅरेजच्या रेटिंगमधला एक तारा कापतेय, कारण गॅरेज शनिवारी बंद असतं आणि नोकरीवाल्यांनी जायचं कधी?