हलकं डार्क मॅटर: पीएच.डी.साठी झेनॉन, सीसीडी, थंड स्फटिक की नॅनोवायर?

एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षातली मुलं दिवाळीची सुट्टी संपली की एकच प्रश्न घेऊन येतात: डार्क मॅटरच्या, म्हणजे विश्वातल्या अजून कुणी न पकडलेल्या अदृश्य पदार्थाच्या, प्रयोगात काम करायचंय, अर्ज कुठल्या गटाकडे करू? बहुतेकांनी एक तक्ता करून आणलेला असतो. डिटेक्टरचं नाव, पदार्थ किती किलो, उंबरठा (म्हणजे त्याला जाणवणारी सगळ्यात छोटी ऊर्जा) किती इलेक्ट्रॉनव्होल्ट. ज्याचा उंबरठा सगळ्यात खाली तो पहिला, असा साधा हिशेब. मला त्या तक्त्यात एक रकाना कमी वाटतो: कचरा कुठला? पाच-सहा वर्षांत डार्क मॅटर सापडणार नाही असंच धरून चाला. रोज दिसतील ते डिटेक्टरचे खोटे सिग्नल, आणि थीसिसचा मोठा भाग त्यांच्यावरच खर्ची पडेल.

आधी ‘हलकं’ म्हणजे किती ते पाहू. कणांचं वस्तुमानही ऊर्जेच्याच एककात सांगतात; प्रोटॉनचं साधारण एक अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याहून कमी वस्तुमानाचे डार्क मॅटरचे कण म्हणजे हलके. आपल्या आकाशगंगेत ते सेकंदाला काहीशे किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासच्या वेगाने फिरत असणार. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जेमतेम दुप्पट वस्तुमानाचा कण घेतला, तर त्याची गतिज ऊर्जा भरते अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट. अगदी वेगवान कण पकडला तरी तीनेक. एवढ्या पुंजीवर तो झेनॉनच्या अणुकेंद्रकावर आपटला, तर हत्तीला फुटाणा मारल्यासारखं होतं. म्हणून रस्ते दोनच उरतात: इलेक्ट्रॉनसारखं हलकं लक्ष्य घ्यायचं, नाहीतर अणुकेंद्रकाची बारीकशी थरथरही जाणवेल असा डिटेक्टर बांधायचा.

झेनॉन पटकन उरकतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, एलझेड या प्रयोगाच्या टाकीत 7 टन द्रवरूप झेनॉन डार्क मॅटरची वाट बघतोय. जड कणांसाठी याला तोड नाही. हलक्यांसाठी प्रकाशाचा सिग्नल सोडून फक्त सुटलेले इलेक्ट्रॉन मोजायची युक्ती वापरतात, आणि ती चालते. पण द्रवाच्या पृष्ठभागाखाली आणि अशुद्ध रेणूंना अडकून राहिलेले इलेक्ट्रॉन मोठ्या सिग्नलनंतर बराच वेळ एकेक करून टपकत राहतात. हा त्याचा कचरा. शिवाय 2024 मध्ये इटलीतल्या झेनॉन-एनटी आणि चीनमधल्या पांडा-एक्स या अशाच प्रयोगांना सूर्यातून येणाऱ्या न्यूट्रिनो या कणांची चाहूल झेनॉनच्या केंद्रकांवर लागली. शोध म्हणून उत्तम, पण डार्क मॅटरवाल्यांना आता या धुक्यातूनच वाट काढायची आहे. शंभर-दोनशे जणांच्या गटात आपल्या वाट्याला काय येईल, तेही विचारून घ्या. बहुधा कोडिंग येईल. ते आवडत असेल तर नोकरीच्या दृष्टीने ही सगळ्यात सुरक्षित जागा.

आता माझा लाडका पर्याय, स्किपर सीसीडी. खगोलशास्त्राच्या कॅमेऱ्यात असते तसलीच सिलिकॉनची चकती, पिक्सेल 15 मायक्रॉनचा. साध्या सीसीडीत पिक्सेलमधला विद्युतभार एकदाच मोजला जातो आणि मोजताना दोन-अडीच इलेक्ट्रॉनांची चूक होते. स्किपरमध्ये तोच भार मोजणाऱ्या टोकापाशी नेतात, मागे घेतात, पुन्हा नेतात. समजा 300 वेळा. सरासरी काढली की चूक 300 च्या वर्गमूळाने कमी होते, म्हणजे अडीचवरून साधारण 0.14 वर येते. मग हिस्टोग्राम काढायचा: शून्य इलेक्ट्रॉनचा एक डोंगर, एकचा दुसरा, दोनचा तिसरा, मधे स्वच्छ दऱ्या. इलेक्ट्रॉन असे बोटावर मोजलेले बघताना अजूनही मजा वाटते. कल्पना 1990 ची. इतकी नीट वठली ती 2017 मध्ये.

सेन्सेई या प्रयोगाने 2020 मध्ये फर्मीलॅबच्या भुयारात जेमतेम दोन ग्रॅम सिलिकॉन वापरून निकाल दिला. फ्रान्समधल्या मोदान इथल्या डॅमिक-एमने 2025 मध्ये अवघ्या 1.3 किलोग्रॅम-दिवसांच्या (वजन गुणिले दिवस) नोंदींवर हलक्या डार्क मॅटरची काही आवडती सैद्धांतिक गणितं बाद केली. टनावारी झेनॉनच्या शेजारी हे आकडे ठेवून बघा.

सीसीडीचा कचरा म्हणजे एकटे इलेक्ट्रॉन. चकती उणे 140 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवली तरी एखाद्या पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन आपोआप उगवतो. जवळून गेलेल्या वेगवान कणाने सोडलेला प्रकाशही कुठेतरी शोषला जाऊन तसाच दिसतो. शिवाय 300 वेळा मोजायचं म्हणजे एक चित्र वाचायला तासन्‌तास जातात, तेव्हा सिग्नल नेमका कधी आला हे कळत नाही. आणि सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला किमान 1.1-1.2 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, त्यामुळे मघाशी सांगितलेल्या दहा लाखवाल्या कणाच्या फार खाली हा डिटेक्टर उतरत नाही. तरी नव्या विद्यार्थ्याला मी हेच सुचवतो. गट लहान, चकती तुमच्या हातात, आणि चूक झाली की चित्रात डोळ्यांना दिसते.

थंड स्फटिकांची गोष्ट वेगळी. इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखाली क्रेस्ट या प्रयोगाने 24 ग्रॅमचा कॅल्शियम टंगस्टेटचा स्फटिक केल्विनच्या काही सहस्रांश अंशांपर्यंत थंड केला. कण आपटला की स्फटिकात कंपनं उठतात. वरची टंगस्टनची पातळ पट्टी अतिसंवाहक (विजेला अजिबात विरोध न करणारी) होण्याच्या काठावर धरलेली असते, त्या चिमुकल्या उष्णतेने तिचा विद्युतरोध उडी मारतो. 2019 चा त्यांचा उंबरठा 30.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि पोहोच प्रोटॉनच्या सहाव्या हिश्श्याइतक्या वस्तुमानापर्यंत. अणुकेंद्रकाचाच धक्का बघायचा असेल तर हाच रस्ता.

पण इथला कचरा भलताच. दोनशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली सिग्नलांची संख्या अचानक चढत जाते, आणि तशी ती जगातल्या बऱ्याच थंड डिटेक्टरांत चढते. गंमत अशी की थंड केल्यापासून जसजसे दिवस जातात तसतशी ती कमी होते. डार्क मॅटर असं वागणार नाही. फ्रिज कधी सुरू केला हे त्याला काय ठाऊक? या कोड्यावर 2021 पासून खास कार्यशाळा भरतात. एका गटाने दोन सारखे सिलिकॉनचे तुकडे घेतले, एक गोंदाने चिकटवला, दुसरा बारीक तारांवर टांगला. चिकटवलेला जास्त ‘कुरकुरला’. उन्हाळ्यात रात्री पत्रे वाजतात ना, तसा स्फटिक आतल्या ताणाने वाजतो. सगळा उलगडा त्याने झालेला नाही. ज्याला पाना-स्क्रू, गोंद आणि महिनोन्‌महिने फ्रिजची वाट बघणं आवडतं, त्याने डोळे झाकून इथे जावं. बाकीच्यांनी दहादा विचार करावा. फ्रिज एकदा गरम झाला की सहामाही गेलीच म्हणून समजा.

नॅनोवायर हा जुगार आहे. टंगस्टन सिलिसाइडच्या अतिसूक्ष्म तारा, त्यांतून अतिसंवाहकता मोडायच्या जरा आधीपर्यंतचा प्रवाह. इवलीशी ऊर्जा पडली की तार क्षणभर साधी होते आणि व्होल्टेजची टिचकी मिळते. 2019 च्या पहिल्या प्रयोगात उंबरठा 0.8 इलेक्ट्रॉनव्होल्ट होता, 10,000 सेकंदांत एकही खोटी टिचकी नाही. कचऱ्याच्या रकान्यात जवळजवळ शून्य! मग सगळे तिकडेच का जात नाहीत? तारेचं वजन 4.3 नॅनोग्रॅम होतं, म्हणजे साखरेच्या दाण्याच्या लाखाव्या हिश्श्याइतकं. वजन वाढवताना ही स्वच्छता टिकेल का, हा तुमच्या थीसिसचा विषय होऊ शकतो. फसलात तरी एकेक फोटॉन मोजायची कला क्वांटम तंत्रज्ञानात विकली जाते.

घरापासून लांब जायचं नसेल तर? झारखंडमधल्या जादुगोडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटर खोल, कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत इनडेक्स हा प्रयोग चालतो. अतितप्त द्रवात कण आपटला की बुडबुडा फुटतो आणि त्याचा आवाज टिपतात. उंबरठा मात्र हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तेव्हा वर म्हटलेल्या अर्थाने हा ‘हलका’ शोध नाही. भुवनेश्वरची नायसर ही संस्था कॅनडातल्या दोन किलोमीटर खोल निकेलच्या खाणीतल्या सुपरसीडीएमएस प्रयोगात सहभागी आहे. तिथले डिटेक्टर जर्मेनियम-सिलिकॉनचे थंड स्फटिक. आणि मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथे न्यूट्रिनोच्या कामासाठी बसवलेला डायल्यूशन फ्रिज, म्हणजे असे डिटेक्टर थंड करणारं यंत्र, आहे. डार्क मॅटरचं नाव नसलं तरी थंड डिटेक्टरचा हात तिथेच बसेल.

मुलाखतीत एक विनंती जरूर करा: नको त्या सिग्नलांची काटछाट करण्याआधीचा, कमी ऊर्जेकडचा ताजा आलेख दाखवाल का? डाव्या टोकाला तो कुठून वर चढायला लागतो ते वहीत टिपून घ्या, आणि का चढतो यावर त्या खोलीतले लोक आपसात वाद घालतात का तेही बघा.