डिटेलिंगवाल्याने रंग जाळला आणि वर म्हणतो फुकटात परत पॉलिश करून देतो

गाडीचं डिटेलिंग, म्हणजे धुवून-पॉलिश करून गाडी चकचकीत करून देणाऱ्या एका दुकानाचा हा रिव्ह्यू. पाचपैकी एक तारा देतेय, आणि तो एक पण काउंटरवर बसणाऱ्या पोरासाठी, कारण त्या अख्ख्या दुकानात खरं बोलला तो एकटाच. दुकानाचं नाव लिहीत नाही, आमचं पैशाचं मिटलंय आणि मिटवताना नाव कुठे टाकायचं नाही असं ठरलं होतं. काय झालं ते लिहायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

गाडी गडद निळी मेटॅलिक, रंग कंपनीचाच, कुठे ठोकलेली नाही की एकही पॅनल परत रंगवलेलं नाही. धुवून धुवून जे गोल गोल बारीक चरे पडतात ना, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात ते, तेवढे कमी करून वरून सिरॅमिक कोटिंग (रंग जपायला वरून लावतात तो पातळ थर) करायचं होतं. हलकं पॉलिश करा, सगळे चरे गेले नाहीत तरी चालतील, हे मी स्पष्ट सांगितलं होतं आणि मेसेजमध्येही लिहिलं होतं, तो मेसेज पुढे फार कामाला आला. डिलिव्हरीच्या वेळी दुकानातल्या पांढऱ्या लाइटखाली गाडी अशी चमकत होती की बोलायची सोय नाही. मालक स्वतः उभा राहून सांगतोय, नाइन एच कोटिंग आहे मॅडम, चावीने ओरखडलं तरी काही होणार नाही. (हे धादांत खोटं आहे बरं का. ते नाइन एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाच्या मोजमापातलं ९एच, त्याचा हिऱ्याबिऱ्याशी काही संबंध नाही, चावी मारली की चरा पडणारच.)

मग गाडी एक-दोनदा धुतली गेली आणि खरा रंग बाहेर यायला लागला. बॉनेटवर उन्हात लांब लांब पट्टे दिसायला लागले, आपण गाडीच्या बाजूने चाललो की तेही आपल्याबरोबर सरकतात, याला होलोग्राम म्हणतात आणि ते मशीन बेफिकीरपणे फिरवल्याची खूण असते. खिडक्यांखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरा चुना लावल्यासारखा थर, कारण मास्किंग टेप लावायचा कंटाळा. पण खरं नुकसान डावीकडच्या मागच्या दारावर होतं. दाराच्या मधून जी धारदार घडी जाते तिच्यावर बोटाएवढा निस्तेज डाग, आजूबाजूचा निळा चमकतोय आणि तेवढाच भाग खडूने पुसल्यासारखा कोरडा, जवळून बघितलं तर डागाभोवती एक बारीक कड दिसते. ती कड म्हणजे क्लिअर कोट जिथे संपला ती जागा.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो, पत्र्यावर गंज अडवणारा थर, त्यावर प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून निघताना हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात आणि त्यातला क्लिअर कोट साधारण ४०-५०, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. चकाकी त्याचीच आणि उन्हापासून रंग वाचवणारी रसायनंही त्यातच. पॉलिश म्हणजे चरा भरत नाही कोणी, चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणतात आणि सपाट झालं की चरा दिसत नाही. हलक्या हाताने केलं तर दोन-तीन मायक्रॉन जातात. गेलेले मायक्रॉन कुठलंही वॅक्स, कोटिंग, कंपाउंड (पॉलिशची घासायची पेस्ट) परत आणत नाही.

घडीवर आणि कडांवर हा थर मुळातच पातळ बसतो, शिवाय पॉलिशच्या मशीनला लावलेल्या पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो. रोटरी मशीन असेल तर अजूनच वाईट, ते एकाच जागी गरगर फिरतं आणि क्षणभर थांबलं तरी उष्णता साठते. ड्युअल अ‍ॅक्शनवालं मशीन फिरता फिरता हलत राहतं म्हणून त्यात धोका कमी, वेळ जास्त. रोटरी वाईट असं म्हणत नाहीये मी, चांगला कारागीर तिनेच अप्रतिम काम करतो, पण तो कडांना आधी टेप लावतो आणि बंपरवर तर आणखीच जपून जातो कारण प्लास्टिकमधून उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही. इथे कुठल्यातरी नवीन पोराच्या हातात रोटरी आणि लोकरीचा पॅड देऊन मोकळे झाले होते.

मग दुकानात हे का दिसलं नाही? तेल आणि फिलर असलेलं ग्लेझ. ते चऱ्यांत आणि पट्ट्यांत बसतं आणि सगळं गुळगुळीत दिसतं. कोटिंग करायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलवाल्या पाण्याने पॅनल पुसून ते तेल काढायलाच लागतं, नाहीतर कोटिंग रंगाला धरतच नाही, तेलावर बसतं. यांनी पुसलंच नव्हतं, पुसलं असतं तर यांचेच पट्टे यांनाच दिसले असते ना. त्यामुळे दोन धुण्यांत ग्लेझ पण गेलं आणि त्याच्याबरोबर ते नाइन एचवालं कोटिंग पण.

दुकानात परत गेले तर मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, मॅडम हे आधीपासूनच असणार. मी गाडी देताना उन्हात चारी बाजूंनी काढलेले फोटो दाखवले, दाराची ती घडी अगदी स्वच्छ दिसत होती. मग दुसरं वाक्य, कंपनीचा रंगच हल्ली असा पातळ येतो. अहो, पातळ येतो हे तुम्हाला माहितीये तर मोजून का नाही बघितला? तेवढ्यात काउंटरवरचं ते पोरगं फोन बघता बघता सहज म्हणालं, सर त्या दिवशी पॅड निळा झाला होता ना, तीच गाडी. एकदम शांतता. आतल्या भिंतीवर पॅड लटकवलेले होते, त्यातला एक पांढरा लोकरीचा, त्याच्या एका कडेला निळा रंग वाळून बसलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लिअर कोट शाबूत असेल तर पॅडवर गाडीचा रंग यायचं काही कारणच नाही, तिथे फक्त पांढरट कंपाउंड दिसतं. जुन्या सिंगल स्टेज रंगाच्या, म्हणजे वर वेगळा क्लिअर कोट नसलेल्या गाड्यांत येतो, आजकालच्या मेटॅलिकमध्ये पॅडवर रंग आला म्हणजे खेळ खल्लास. म्हणजे काम करणाऱ्यालाही कळलं होतं, मालकालाही कळलं होतं आणि वरून ग्लेझ चोपडून मला चावी दिली. मी त्या पॅडचा तिथेच फोटो काढला.

आणि मग आलं ते वाक्य ज्यासाठी मी एवढं सगळं टाइप करतेय. मालक एकदम गोड आवाजात, मॅडम टेन्शन घेऊ नका, गाडी सोडून जा, फुकटात परत पॉलिश करून देतो, एकदम नवीन होईल. ऐकायला किती बरं वाटतं, भांडण नाही, खर्च नाही, बरेच जण इथेच हो म्हणतात. पण ज्याने क्लिअर कोट खरवडला त्यालाच अजून खरवडायला द्यायचं? दारावर तर घासायला काही उरलंच नव्हतं, बॉनेटवर जे उरलंय तेही गेलं असतं, वर परत ग्लेझ आणि परत मी खुश. शिवाय त्यांनी हात लावला की नुकसान कोणाचं किती हा पुरावाच पुसला जातो. मी नको म्हटलं आणि गाडी घेऊन निघाले.

दुसऱ्या एका डिटेलरकडे नेली, त्याने मशीन काढायच्या आधी पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. बॉनेटवर ९० ते १०० मायक्रॉनच्या मधे, छतावर काही जागी ८० च्याही खाली, आणि दाराची ती घडी, उजव्या दारावर १०८ आणि डाव्या दारावर तिथेच ६१. हे डावं-उजवं जुळवून बघणं महत्त्वाचं, कारण साधं गेज सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरला ते वेगळं सांगत नाही. आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते काहीच दाखवत नाही, त्यामुळे तिथे किती गेलं ते देवाला माहीत. त्याने रीडिंग आणि फोटो एका कागदावर लिहून सही करून दिलं. मालकाला मी तोच कागद आणि पॅडचा फोटो पाठवला, खाली लिहिलं की मला पॉलिश नको, दाराच्या पेंटिंगचा खर्च आणि कोटिंगचे पूर्ण पैसे परत हवेत. आधी म्हणाला आमच्या ओळखीच्या पेंटरकडून करून देतो, तेही नको म्हटलं, बिल मी आणीन तुम्ही भरा. बऱ्याच बाचाबाचीनंतर भरलं. बॉनेट दुरुस्त करायचे पैसे मात्र शेवटपर्यंत दिले नाहीत आणि मीही तिथे सोडून दिलं, माणूस दमतो हो.

पेंटिंगबद्दल एवढंच की तेवढ्याच डागावर क्लिअर मारून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका, जोड कालांतराने दिसतोच आणि उखडायला पण तिथूनच सुरुवात होते. क्लिअर पूर्ण दारावर मारावा लागला, आणि मेटॅलिक असल्याने रंग शेजारच्या दारात थोडा विरत न्यावा लागला, कारण मेटॅलिकमधले कण फवारताना कसे बसतात त्यावर छटा बदलते, रंगाचा कोड अगदी बरोबर असला तरी. पेंटरने काही आठवडे त्यावर वॅक्स, कोटिंग काहीही लावायचं नाही असं बजावलंय.

दुसऱ्या डिटेलरने बॉनेट मऊ फोमच्या पॅडने आणि ड्युअल अ‍ॅक्शनने केलं, आधी हातभर जागेवर करून, पुसून, बाहेर उन्हात दाखवलं आणि मगच पुढे गेला. पट्टे जवळजवळ गेले, दोन-चार खोल आहेत ते त्याने स्वतःहूनच सोडले. छताला मी त्याला हात लावू दिला नाही, त्यालाही लावायचा नव्हता. काळ्या प्लास्टिकवरचा पांढरा थर ब्रशने बराच निघाला, खाचांमधे अजून आहे.

पहिल्या दुकानाचे मेसेज अजून येतात, आपल्या सिरॅमिक कोटिंगची मेंटेनन्स सर्व्हिस ड्यू आहे, आजच बुक करा. नंबर ब्लॉक केला, आता दुसऱ्या नंबरवरून येतात.